१९४७-४८ मधील निःशस्त्र मृतांचा स्मृतिदिन व नावांची नोंद याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
परभणी.

दिनांक : १९ सप्टेंबर २०२४

विषय : हैदराबाद संस्थानात १९४७-४८ साली मारल्या गेलेल्या निःशस्त्र नागरिकांचा स्मृतिदिन ९ डिसेंबर रोजी पाळणे व त्यांच्या नावांची गावनिहाय नोंद करणेबाबत.

संदर्भ : आमची यापूर्वीची निवेदने (पोच सोबत जोडली आहे).

महोदय,

परवा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण झाले. त्याच दिवशी अनंत चतुर्दशी आल्याने सगळी यंत्रणा विसर्जनाच्या बंदोबस्तात होती, म्हणून आम्ही आपणास गाठले नाही. विषय मात्र जुना आहे. तो पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो, याचे वाईट वाटते.

जे लढले त्यांचा मान झाला पाहिजे आणि तो होतोही. वसमत तालुक्यातल्या वापटीच्या बहिर्जी शिंद्यांचे नाव इकडे जाणत्या माणसांना सांगावे लागत नाही. आमचे म्हणणे न लढलेल्यांबद्दल आहे. ज्यांच्या हातात फार तर विळा होता आणि जे धुऱ्यावर मारले गेले. जी लेकरे पेवात लपवली म्हणून वाचली, पण वर आल्यावर घरात माणूस नव्हते. जे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात निघाले आणि वाटेतच राहिले. रझाकारांनी मारलेल्या या माणसांची नावे गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, सरकारी कागदावर नाहीत.

ती का नाहीत, हे आम्ही प्रत्येक निवेदनात लिहिले आहे. मुक्तिसंग्रामाच्या याद्या सन्मान निवृत्तिवेतनाच्या अर्जांतून वाढत गेल्या. अर्ज म्हटला की तुरुंगवासाचा दाखला किंवा सहकाऱ्याचे शपथपत्र आले, आणि अर्ज करायला मागे कोणी तरी उरावे लागते. जो माळवदाखाली जळून गेला त्याला कसला दाखला मिळणार? बाई, सालगडी, बलुतेदार यांच्या बाबतीत तर कोणी विचारलेच नाही.

१७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या दिवसांबद्दल जिल्ह्यात उघडपणे बोलणारे फार थोडे आहेत. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे पथक २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. त्यांनी ५०० हून अधिक लोकांचे म्हणणे ऐकले. पोलीस ॲक्शनमध्ये आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत, असा अंदाज त्यांनी दिला. मेलेले बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपल्या शेजारच्या नांदेडला बसली. तो अहवाल कित्येक दशके कुलपात होता. आकड्यांवर वाद आहेत, ते आम्हाला ठाऊक आहेत. पण गावनिहाय नोंद केल्याशिवाय तो वाद मिटणार कसा? रझाकारांनी मारलेला आमचा आणि नंतर मारला गेलेला तुमचा, अशी वाटणी आम्हाला नको. या निवेदनावर दोन्हीकडच्या घरांतल्या सह्या आहेत.

आता ज्याचा त्रास सर्वांत जास्त होतो ते लिहितो. अमृत महोत्सवी वर्षात, म्हणजे २०२२-२३ मध्ये, एका कार्यालयाने आम्हाला लेखी कळवले होते की वयोवृद्ध साक्षीदारांच्या ध्वनिचित्रमुद्रणासाठी पथक पाठविण्यात येईल. कार्यालयाचे नाव लिहीत नाही, प्रतीवर शिक्का आहे. त्या शब्दावर विसंबून आम्ही गावांतून यादी केली, म्हाताऱ्यांना समजावले, घरच्यांची मने वळवली. जिंतूर तालुक्यातल्या नव्वदी ओलांडलेल्या एका आजी पथक येणार म्हणून इस्त्रीचे लुगडे नेसून ओसरीवर बसल्या होत्या. त्यांना बापाचे, दोन चुलत्यांचे आणि सालगड्याचेही नाव आठवते. 'त्या साली जवारी काढायला घरात गडीच उरला नव्हता,' एवढे बोलून त्या थांबतात. पुढचे मशीन आल्यावर सांगीन म्हणतात. पाथरीकडचे एक चाचा भावाबद्दल घरातही कधी बोलले नव्हते. ते बोलायला तयार झाले, हीच मोठी गोष्ट होती. पथक आले नाही. आधी निधी नव्हता, मग आचारसंहिता होती, मग संबंधित कर्मचारी बदलून गेले. चाचा या उन्हाळ्यात वारले. त्यांच्या मुलाने आम्हाला विचारले, 'तुम्ही अब्बांना कशाला उकरायला लावलं?' याचे उत्तर साहेब, आपणच सुचवावे.

दुसरे आश्वासन तालुकानिहाय नावांच्या पुस्तिकेचे होते. तिचे काय झाले ते विचारले, तर आमचा अर्ज 'पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव' शेजारच्या जिल्ह्यात गेला, कारण काही गावे १९९९ पासून हिंगोलीत आहेत. तिकडून तो मूळ जिल्हा परभणी म्हणून परत आला. परतूर तर १९८१ लाच जालन्यात गेले, त्यामुळे तिथल्या मृतांना आता कोणताच जिल्हा आपले म्हणत नाही. निजामकालीन दप्तर उर्दूत आणि मोडीत आहे, वाचणारा नाही, हेही कारण सांगण्यात आले. उर्दू शाळांतले निवृत्त शिक्षक विनामोबदला बसायला तयार आहेत, हे आम्ही लेखी दिले आहे. त्यांना एक खोली आणि दप्तर पाहण्याची परवानगी हवी आहे, बाकी काही नाही.

९ डिसेंबर का, असे मागच्या बैठकीत विचारले गेले. सुंदरलाल पथक संस्थानात फिरत असताना, ९ डिसेंबर १९४८ लाच, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर केला. भारताने तो १९५९ मध्ये मान्य केला आणि २०१५ पासून हा दिवस जगभर अशा बळींचा स्मृतिदिन आहे. इथे घडले त्याला कायद्याने काय म्हणावे, ते जाणकारांनी ठरवावे. १७ सप्टेंबर हा झेंड्याचा आणि आनंदाचा दिवस आहे, त्यात दुखवटा नको म्हणून वेगळा दिवस मागतो आहोत. फाळणीतल्या मृतांसाठी २०२१ पासून १४ ऑगस्ट ठरला. मग आपल्याच गावच्या मृतांसाठी एक सकाळ निघायला हरकत नसावी.

तरी विनंती की :

१. आजींसह यादीतल्या हयात साक्षीदारांचे मुद्रण ३१ ऑक्टोबरपूर्वी पूर्ण करावे. यंत्रणा नसेल तर तसे लेखी कळवावे. आम्ही मोबाईलवर करून घेऊ, पण मग ते सरकारी दप्तरी दाखल करून घेण्याचे मान्य करावे.
२. परभणी, हिंगोली व परतूर मिळून, १९४८ चा जिल्हा धरून, नावांची एकच नोंदवही उघडावी. धर्म किंवा जात पाहून कोणाचेही नाव वगळू नये.
३. ९ डिसेंबरला जिल्ह्याच्या ठिकाणी नावांचे वाचन व्हावे. भाषणे नकोत.
४. तालुक्याच्या एका स्मारकावरची कोरीव नावे ऑइलपेंटखाली गेली आहेत, ती मोकळी करावीत.

या वेळी 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असे उत्तर येऊ नये, ही विनंती. ९ डिसेंबरच्या वाचनास प्रशासन आले तर सोबत करू, नाहीतर आम्ही ते स्वतः करणार आहोत. त्या दिवसाच्या जागेच्या परवानगीचा अर्ज याच निवेदनासोबत दिला आहे. त्यावर पंधरा दिवसांत लेखी निर्णय मिळावा.

आपले,
परभणी, जिंतूर, पाथरी व गंगाखेड तालुक्यांतील नागरिक
(सह्यांची यादी जोडली आहे)

सोबत : पूर्वीच्या निवेदनांच्या पोच, आश्वासनपत्रांच्या छायाप्रती, साक्षीदारांची यादी (मयतांपुढे खूण केली आहे), जागेच्या परवानगीचा अर्ज.