मागणी ओसरली, तरी किंमत चढली

संगणकाच्या ग्राफिक्स कार्डांचे भाव वाढले की मागणी-पुरवठ्याच्या नियमाकडे बोट दाखवून विषय मिटवला जातो. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०८० हे कार्ड ६९९ डॉलर किमतीला बाजारात आले. पुढे अमेरिकेत ते दुपटीहून अधिक दराने विकले गेले. चिपांची टंचाई खरी होती. पण माल गेला कोठे? बराचसा साठेबाजांकडे आणि इथेरियम हे आभासी चलन ‘खणणाऱ्यां’कडे. सिमेंटचा काळाबाजार पाहिलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. संगणकावर चित्रपट-संकलन शिकणारा विद्यार्थी मात्र ताटकळत राहिला. त्याची गरज बाजाराच्या हिशेबात नव्हती.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचे हे खाणकाम बंद झाले. मागणी ओसरली, जुन्या कार्डांचे भाव उतरले. आणि दोनच महिन्यांनी त्याच श्रेणीतील नवे आरटीएक्स ४०८० आले ते ११९९ डॉलरला! नव्या चिपेचा उत्पादनखर्च अधिक होता, हे मान्य. तथापि जानेवारी २०२४ मध्ये त्याचीच किंचित सुधारलेली आवृत्ती कंपनीने ९९९ डॉलरला आणली. म्हणजे दोनशे डॉलर सोडण्याइतकी जागा त्या किमतीत होतीच. प्रतिस्पर्धी मोजकेच असल्याने ती सोडण्याची निकड तोवर कंपनीला भासली नव्हती.