परीक्षेच्या दिवसाचे घड्याळ

परीक्षेची गोष्ट निघाली की आपल्या घरांतून अभ्यासाविषयी बोलले जाते. किती धडे झाले, गणित कच्चे आहे की पक्के, शिकवणी लावली की नाही, ही सगळी विचारपूस होते. परंतु परीक्षेच्या दिवशी मुलाने घरातून किती वाजता निघावे, बरोबर काय न्यावे आणि घरी काय ठेवून जावे, याची चौकशी फारच थोड्या घरी होते. ही गोष्ट आयत्या वेळी उरकता येईल असे आपण समजतो. आज या पानावर आम्ही तिच्याविषयीच लिहिणार आहोत.

निमित्त संयुक्त अरब अमिरातीचे आहे. आपल्या बेटावरून दुबईला दररोज विमाने जातात, आणि नोकरीधंद्यासाठी आपली काही मंडळी तिकडे जाऊन राहिली आहेत. त्यांपैकी शारजात राहणाऱ्या एका भगिनीने आम्हास पत्र पाठविले. त्यांचा मुलगा तेथील एका भारतीय शाळेतून दहावीच्या परीक्षेस बसला होता. प्रवेशपत्रावर दहा वाजता फाटक बंद होईल असे छापलेले होते. वेळ भारताची आहे आणि भारतात व तेथे दीड तासाचे अंतर आहे, हे त्यांना ठाऊक होते. मात्र तो दीड तास वजा करण्याऐवजी त्यांनी मिळविला, आणि साडेअकराला पोहोचले तरी चालेल अशी मनाची समजूत करून घेतली. शाळेने मुलांना नीट सांगितले होते. पण "आई पाहून घेईल" म्हणून मुलाने लक्ष दिले नाही, आणि "मुलाने ऐकले असेल" म्हणून आईने विचारले नाही. आदल्या संध्याकाळी बसच्या ड्रायव्हरचा फोन आला की, उद्या पावणेसात वाजता खाली या. प्रथम त्यांना ड्रायव्हरचीच चूक वाटली. वर्गशिक्षिकेला फोन केल्यावर खरा प्रकार कळला. "त्या ड्रायव्हरने फोन केला नसता तर?" असे विचारून त्यांनी पत्र संपविले आहे, आणि दुसऱ्या कुणाच्या घरी असे होऊ नये म्हणून हे छापावे, अशी विनंती केली आहे.

त्या विनंतीस मान देऊन आम्ही आधी घड्याळाचा हिशेब मांडतो. भारताचे घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. अमिरातीचे चार तास पुढे आहे आणि आपल्या मॉरिशसचेही चारच तास पुढे आहे. म्हणजे पोर्ट लुईत नऊ वाजले की दुबईतही नऊच वाजलेले असतात, आणि मुंबईत साडेदहा झालेले असतात. सूर्य आधी भारतात उगवतो, मग आखातात, हे मुलाला एकदा समजावून सांगितले की वजा करायचे की मिळवायचे हा घोळ राहत नाही. भारतीय वेळेतून दीड तास वजा करावयाचा, मिळवावयाचा कधीच नाही.

भारताच्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची, म्हणजे सी.बी.एस.ई.ची, परीक्षा भारतात सकाळी साडेदहाला सुरू होण्याची पद्धत आहे. दहानंतर कोणासही आत घेत नाहीत, सव्वादहाला प्रश्नपत्रिका हाती येते, पंधरा मिनिटे ती नुसती वाचावयाची आणि साडेदहाला लिहावयास प्रारंभ करावयाचा. अमिरातीत याचा अर्थ असा की फाटक साडेआठला बंद, प्रश्नपत्रिका पावणेनऊला आणि लेखन नऊला. हे तीन आकडे मोठ्या अक्षरांत लिहून घरातील दारावर चिकटवावेत. दर वर्षीच्या वेळापत्रकाशी ते पडताळून पाहावेत, हे सांगणे नकोच.

अमिरातीत भारतीय शाळांची परंपरा जुनी आहे. दुबईचे इंडियन हायस्कूल १९६१ साली सुरू झाले, म्हणजे अमिरातींचा संघ स्थापन होण्याच्या दहा वर्षे आधी. आज तेथे सी.बी.एस.ई.च्या शाळा पुष्कळ आहेत, आय.सी.एस.ई.च्या आहेत, आणि केरळ राज्याच्या दहावीची केंद्रेही आहेत. एकाच इमारतीत शेजारी राहणाऱ्या तीन मुलांच्या तीन परीक्षा असू शकतात, आणि तिघांचे नियम निराळे असतात. शेजाऱ्याच्या मुलाला विचारून आपल्या मुलाची तयारी करू नये, ती याचसाठी.

परीक्षा भारताची आणि रस्ता अमिरातीचा, यामुळे आणखी काही अडचणी येतात. १ जानेवारी २०२२ पासून तेथे शनिवार-रविवार सुट्टी असते आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम चालते. शारजात तर शुक्रवार, शनिवार व रविवार असे तिन्ही दिवस सुट्टीचे आहेत. परंतु मंडळाचे वेळापत्रक तयार होते ते भारतातील दिवस पाहून. २०२५ ची परीक्षा १५ फेब्रुवारीस सुरू झाली, आणि तो शनिवार होता. त्या दिवशी नेहमीची बस येणार आहे का, येणार असेल तर किती वाजता, हे आठवडाभर आधी शाळेत विचारून ठेवावे लागते. त्याच वर्षी १ मार्चला रमजान सुरू झाला. रमजानात शाळांच्या व कचेऱ्यांच्या वेळा बदलतात आणि रस्त्यावरच्या गर्दीच्याही बदलतात. एरवी वीस मिनिटांत होणारा प्रवास त्या महिन्यात तेवढ्यातच होईल, असे धरून चालू नये. उपवास करणाऱ्या मुलांनी आदल्या रात्रीच्या झोपेचा आणि पहाटेच्या खाण्याचा विचार घरच्यांशी बोलून करावा.

तिसरी अडचण धुक्याची. वाळवंटात धुके कसले, असे आपल्याला वाटेल. पण हिवाळ्यात आणि मार्चपर्यंत तेथे पहाटे दाट धुके उतरते. अबू धाबीत अशा वेळी मोटारींची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटरवर आणतात. शारजाहून दुबईस जाणारा अल इत्तिहाद रस्ता तर धुके नसतानाही सकाळी तुंबलेला असतो. केंद्र दुसऱ्या शाळेत असेल, तर परीक्षेच्या आधी एखाद्या सकाळी त्याच वेळी तो रस्ता एकदा पाहून यावा. फाटक कोणत्या बाजूस आहे, मोटार कोठे थांबते, आत किती चालावे लागते, हे त्या दिवशी शोधत बसण्यात अर्थ नाही. फाटक बंद होण्याच्या पाऊण तास आधी तेथे पोहोचणे, हा हिशेब आम्हास बरा वाटतो.

आता बरोबर काय न्यावयाचे ते पाहू. नियमित विद्यार्थ्यास प्रवेशपत्र आणि शाळेचे ओळखपत्र ही दोन्ही लागतात. अंगावर शाळेचा गणवेश हवा. बाहेरून बसणाऱ्यास प्रवेशपत्राबरोबर सरकारी ओळखपत्र लागते. निळ्या किंवा गडद निळ्या शाईचे पेन न्यावे, आणि एक नव्हे, तीन-चार न्यावेत. तीही नवी कोरी नकोत. आठवडाभर हातात खेळलेली असावीत. पेन्सिल, खोडरबर, पट्टी, कंपास, लिहिण्याचे पॅड हे सारे आरपार दिसणाऱ्या पिशवीत ठेवावे. पाण्याची बाटलीही आरपार दिसणारी असावी. काट्यांचे साधे घड्याळ चालते.

न्यावयाचे नाही ते अधिक महत्त्वाचे आहे, कारण तेथे नकळत चूक होते. मोबाइल, कानात घालावयाचे यंत्र, स्मार्ट घड्याळ, पावले मोजणारा पट्टा, कॅमेरा यांपैकी काहीही आत चालत नाही. मोबाइल किंवा असे यंत्र सापडल्यास त्या वर्षीच्याच नव्हे, तर पुढल्या वर्षीच्या परीक्षेसही मुकावे लागेल, असा इशारा मंडळाने २०२५ मध्ये दिला होता. हल्ली मुलांच्या मनगटावर ते घड्याळ चोवीस तास असते. ते घड्याळ आहे हेही ती विसरलेली असतात. पर्स, हातपिशवी, छापील वा लिहिलेला कागद, खाण्याचे पदार्थ यांनाही मनाई आहे. खाण्याची सवलत मधुमेह असलेल्या मुलांना मिळते; घरात असे मूल असेल तर शाळेशी आधीच बोलून ठेवावे. खिशात राहिलेली सूत्रांची चिठ्ठी वापरली नाही, असे मागाहून कितीही सांगितले तरी ती चिठ्ठी खिशात होती, एवढेच पर्यवेक्षकास दिसते. म्हणून गणवेशाचे खिसे आदल्या रात्री उलटे करून पाहावेत.

केंद्रात बसल्यावर दोन गोष्टी मुलाने स्वतः पाहिल्याच पाहिजेत. उत्तरपत्रिकेवर घातलेला रोल नंबर प्रवेशपत्रावरचाच आहे ना, ही पहिली. हाती आलेली प्रश्नपत्रिका आपलीच आहे ना, ही दुसरी. २०२० पासून या मंडळाच्या दहावीत गणिताचे स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पेपर निघतात. आपण कोणता घेतला आहे ते प्रवेशपत्रावर लिहिलेले असते. पेपर वेगळा आल्याचे वाचण्याच्या पंधरा मिनिटांतच ध्यानात आले तर तो बदलून मिळतो. तासाभराने कळले तर त्या तासाचे काय करावयाचे? प्रवेशपत्र हाती पडल्याबरोबर स्वतःचे व आई-वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि विषय तपासावेत. आपली मराठी नावे रोमन लिपीत दहा तऱ्हांनी लिहिली जातात. पासपोर्टावर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरे असा फरक राहिला, तर पुढे विद्यापीठांच्या दारात त्याचा त्रास होतो.

येथे कोणी म्हणेल की हे सारे आमच्या मुलांना कशाला सांगता, ती तर केंब्रिजच्या परीक्षेस बसतात. आमचे उत्तर असे की नियम निराळे असतात, म्हणूनच ते वाचावयाचे असतात. केंब्रिजच्या पेपरास काळी शाईही चालते. आपली मुले एस.सी.च्या गणितात गणकयंत्र वापरतात; तेच यंत्र दुबईच्या दहावीच्या मुलाने नेले तर तो गुन्हा ठरतो. भारतातील वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची केंद्रेही २०२१ पासून अमिरातीत आहेत, आणि तेथे तर पेनसुद्धा न्यावयाचे नसते. ते केंद्रावर मिळते. ती परीक्षा भारतात दुपारी दोनला सुरू होते आणि फाटक दीडला बंद होते. अमिरातीत हे अनुक्रमे साडेबारा व बारा झाले. दहावीच्या सवयीने नीटला गेलेला मुलगा पेन घेऊन जाईल, आणि भारतातल्या मामाच्या सांगण्यावरून गेलेला मुलगा फाटक बंद झाल्यावर पोहोचेल.

यावर उपाय एकच आहे आणि तो फुकटचा आहे. मुलाने आपले प्रवेशपत्र पुढून व मागून स्वतः वाचावे आणि घरच्यांना वाचून दाखवावे. आम्ही मुद्दाम "मुलाने" म्हणतो. आपल्याकडे आई पिशवी भरते, बाप वेळ पाहतो आणि मूल मोटारीत बसते. हे प्रेमापोटीच होते यात शंका नाही. पण फाटकाच्या आत आई-बापांना प्रवेश नसतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या परीक्षेची वेळ दुसऱ्याला विचारावी लागत असेल, तर एक धडा शिकवावयाचा राहून गेला असे समजावे. आणि तो धडा शिकविण्यास परीक्षेचा दिवस थांबून राहत नाही. ग्रेड सहाच्या परीक्षेस बसणाऱ्या लहान मुलापासूनच त्याची सुरुवात करता येते: आदल्या रात्री पिशवी त्यानेच भरावी, मोठ्यांनी शेजारी बसून नुसते पाहावे.

एखादा पेपर हुकला तर जग बुडत नाही, हेही आम्ही सांगून ठेवतो. पुरवणी परीक्षेसारख्या सोयी असतात. पण तोपर्यंत प्रवेशाच्या तारखा निघून जातात, आणि वर्षभर अभ्यास केलेल्या मुलाला केवळ घड्याळापायी मान खाली घालावी लागते. न आलेल्या प्रश्नाचे दुःख मूल विसरते. बंद फाटकाचे विसरत नाही. २०२५ मध्ये या परीक्षांना भारतात आणि भारताबाहेरच्या २६ देशांत मिळून ४२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसणार होते. एवढ्या गर्दीत एका मुलासाठी फाटक पुन्हा उघडावे, अशी अपेक्षा कोणी कोणाकडून करावी?

परीक्षेच्या दिवशी सकाळी देवाला नमस्कार करण्याची, वडीलधाऱ्यांच्या पाया पडण्याची आणि हातावर दही घेऊन निघण्याची आपली जुनी रीत आहे. समुद्र ओलांडून आलेल्या आपल्या वाडवडिलांबरोबर आलेल्या अशा रीती दुबईतल्या घरांतही पाळल्या जात असतील, आणि पाळल्या जाव्यात. त्या सकाळी मुलाला नव्या सूचना देऊ नयेत, राहिलेल्या धड्याची आठवण करून देऊ नये. दही द्यावे, "सावकाश लिही" म्हणावे, आणि त्याच्या हातातील प्रवेशपत्राकडे एकदा पाहून घ्यावे.

शारजाच्या त्या भगिनीच्या मुलाचा पेपर बरा गेला, असे त्यांनी पत्राच्या शेवटी लिहिले आहे. पुढल्या साऱ्या पेपरांच्या वेळा त्याने स्वतःच एका कागदावर उतरून दारावर लावल्या. आपल्या बेटावर आणि बेटाबाहेर परीक्षेस बसणाऱ्या सर्व मराठी मुलामुलींना आमच्या शुभेच्छा. असाच एक कागद त्यांच्याही दारावर लागलेला असावा, एवढीच आमची इच्छा आहे.