कांदेनवमीचा पास्ता आणि आमचे आक्षेपक

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीस, आमच्या कडोदऱ्याच्या घरी दोन स्नेही जेवावयास आले होते. दोघेही आमच्याप्रमाणेच सेवानिवृत्त, दोघेही साहित्यप्रेमी. त्यांतील एक तर शुद्धलेखनाविषयी इतके दक्ष की लग्नपत्रिकासुद्धा हाती लाल पेन्सिल घेऊन वाचतात. दोन दिवसांनी एकादशीला चातुर्मास लागायचा, तत्पूर्वी कांद्याला निरोप देण्याचा हा दिवस. भजी, झुणका, थालीपीठ एवढी अपेक्षा धरून मंडळी आली होती. भजी पानात होतीच. पण त्यांच्या शेजारी मंद आचेवर सव्वा तास शिजविलेला कांदा आणि घरची साय घालून केलेला पास्ता पाहताच दोघांच्याही मुद्रा पालटल्या. ‘कांदेनवमीलाही हेच का?’ असे एक म्हणाले. दुसऱ्यांनी निदान करून टाकले, ‘सूनबाईंचा हट्ट असणार!’

सूनबाईंचा हट्ट नव्हता. तो पदार्थ आम्ही स्वतः केला होता, कांदा चिरण्यापासून पातेले घासण्यापर्यंत. दोघांनीही तो दोनदा मागून घेतला, हे येथे नमूद करून ठेवतो. तरीही पुढे आठवडाभर सकाळच्या फिरण्यात ‘त्यांच्या घरी आता इटालियन सणवार सुरू झाले’ अशी थट्टा चालू राहिली. थट्टेला थट्टेने उत्तर देता आले असते. पण तिच्या आडून जे तीन आक्षेप पुढे आले, ते आमच्या अनेक समवयस्कांच्या मनात पक्के बसलेले आहेत: पदार्थ परका आहे, कांद्याची उधळपट्टी आहे, आणि एवढा वेळ आहे कोणाला? म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला आक्षेप परकेपणाचा. तो घेणाऱ्या स्नेह्यांच्या हातात त्या क्षणी हिरव्या मिरचीचे भजे होते. मिरची, बटाटा, टोमॅटो ही मंडळी अमेरिका खंडातून आली, आणि मिरची तर पोर्तुगीजांच्या जहाजांतून. हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. आमच्या सुरत जिल्ह्यात बसून परकेपणाची भाषा करणे तर अधिकच धाडसाचे. हे बंदर मोगल, इंग्रज, डच, सर्वांचे व्यापारी ठाणे होते, आणि येथील नानखटाईचे मूळही परंपरेने डच लोकांच्या भट्टीशी जोडले जाते. ती खाताना कोणाच्या अस्मितेला धक्का बसल्याचे ऐकिवात नाही.

आता पास्त्याचेच पाहू. चांगला पास्ता होतो तो मैद्याचा नव्हे, ड्युरम जातीच्या कठीण गव्हाच्या रव्याचा. आपल्याकडे जो बन्सी रवा मिळतो, तो याच जातीच्या गव्हाचा. आमच्या राज्यात खंबातच्या आखाताच्या माथ्याशी भाल नावाचा प्रदेश आहे. तेथे ओसरत्या ओलीवर पिकणारा भालिया गहू हाही ड्युरमच, आणि त्याला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे जे धान्य आपल्या शेतात उभे आहे, ते रवा होऊन, पाण्यात भिजून, नळीच्या आकाराने परत आले की परके ठरते! खानदेशातून आलेल्या हजारो कुटुंबांनी उधना, लिंबायत, दिंडोली भागांत आपली घरे केली. त्या घरांतून उन्हाळ्यात खाटेवर शेवया वाळत घातलेल्या आम्ही वर्षानुवर्षे पाहिल्या. रवा भिजवावा, मळावा, ओढावा किंवा यंत्रातून काढावा, वाळवावा आणि वर्षभर पुरवावा, ही विद्या इटलीतल्या बाईला आणि आखाजीच्या सुमारास गच्चीवर बसलेल्या जळगावच्या मावशीला सारखीच अवगत आहे. एकीने त्यात मीठ-कांदा घातला, दुसरीने दूध-गूळ घातले, एवढाच काय तो फरक.

आणि ज्यांना इटलीचीच साक्ष हवी त्यांच्यासाठी एक गंमत. नेपल्स शहरात कांद्याचा एक जुना प्रसिद्ध पास्ता आहे. त्यात मांसाचा तुकडा असतो खरा, पण ढीग असतो कांद्याचा; कित्येक तास मंद आचेवर तो इतका विरघळतो की शेवटी कांदा ओळखूही येत नाही. या पदार्थाला नेपल्सचे लोक काय म्हणतात? ‘जेनोव्हेझे’, म्हणजे जेनोवाचा! जेनोवा हे उत्तरेकडचे दुसरेच बंदर. तिथल्या खलाशांनी आणला की आणखी कोणी, याविषयी अनेक मते आहेत. परंतु परक्या गावाचे नाव मिरवणारा पदार्थ नेपल्सने आपला म्हणून शतकानुशतके रांधला, त्याबद्दल तेथे कोणी नाक मुरडत नाही. आमच्या घरच्या प्रकारात मांस नाही, साय आहे. तेव्हा तो ना नेपल्सचा ना जेनोवाचा. कडोदऱ्याचा म्हटला तरी आमची हरकत नाही.

येथे दुसऱ्या पक्षाचाही समाचार घेणे प्राप्त आहे, नाहीतर आम्ही नव्या पिढीचे वकीलपत्र घेतले असे वाटेल. महामार्गावरच्या हॉटेलांतून ‘व्हाइट सॉस पास्ता’ या नावाखाली जे पुढ्यात येते, ते मैद्याची वा मक्याच्या पिठाची खळ, तीवर प्रक्रिया केलेल्या चीजचा थर आणि आत उकडून गळलेल्या नळ्या. आमच्या परिसरातील कापडगिरण्यांत खळीचे काम खळ करते. तिने पानात येण्याचे कारण नाही. या पदार्थाला ‘क्रीमी’ म्हणावयाचे कारण काय, तर तो पांढरा आहे! मऊपणा पांढऱ्या रंगात नसतो. तो कांद्यात असतो, आणि कांद्यातून तो वेळ दिल्याखेरीज निघत नाही. डब्यातले क्रीम कोणालाही विकत मिळते. शिजलेला कांदा विकत मिळत नाही. या पदार्थातली बाजारात न मिळणारी वस्तू ती एकच.

म्हणूनच आमच्या पाककृती-लेखकांशी आमचे जुने भांडण आहे. ‘कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा’ येथवर ठीक. पण ‘पाच-सात मिनिटांत कांदा छान तपकिरी झाला की’ हे वाक्य आम्ही छापील पुस्तकांतून आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून इतक्या वेळा वाचले आहे की, लिहिणाऱ्यांनी कधी घड्याळ पाहिले होते की नाही याचीच शंका येते. कमलाबाई ओगल्यांनी ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचे माप देऊन १९७० साली मराठी स्वयंपाकघरावर उपकार केले. मापाची ही शिस्त वेळेच्या बाबतीत मात्र पुढच्या अनेकांनी पाळली नाही. पाच मिनिटांत जो तपकिरी होतो तो कांदा कडेने जळलेला आणि मध्ये कच्चा असतो.

याचे कारण साधे आहे. कांद्यात वजनाच्या सुमारे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद टक्के पाणीच असते. ते आहे तोवर पातेल्यातील कांद्याचे तापमान शंभर अंशांच्या वर फारसे जात नाही. आच वाढविली तर फक्त बूड करपते. पाणी उडाल्यावरच कांद्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक यांची ती क्रिया वेगाने सुरू होते, जिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ माईयार यांनी १९१२ मध्ये केले आणि जिच्यामुळे पोळीला, भाजलेल्या दाण्याला, कॉफीच्या बीला त्यांचा वास येतो. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा तिखट अंश तोवर उष्णतेने निघून गेलेला असतो आणि साखर मात्र मागे उरलेली असते. खानदेशी गृहिणी चुलीच्या आरात सबंध कांदा पुरून ठेवते आणि काळ्या मसाल्याच्या रश्श्यासाठी त्याचे वाटण करते, तेव्हा तीही हेच साधीत असते. माईयारचे नाव तिला ठाऊक नाही, इतकेच.

आता आमची रीत सांगतो. चौघांसाठी एक किलो कांदा उभा पातळ चिरावा. जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेल-लोणी मिळून घ्यावे, कांदा व चमचाभर मीठ घालून झाकण ठेवावे आणि गॅसच्या लहान शेगडीवर वीस मिनिटे तसेच असू द्यावे. मिठाने पाणी सुटते, कांदा स्वतःच्याच पाण्यात नरम पडतो. मग झाकण काढावे. पुढचा पाऊण तास दर तीन-चार मिनिटांनी हलवावे. शेवटच्या पंधरा मिनिटांत तर पातेल्यापासून हलूच नये. बुडाला खरवड धरू लागली की दोन चमचे पाणी शिंपडून ती सोडवून कांद्यात मिसळावी. सारा रंग त्या खरवडीतच असतो, आणि भिऊन आच बंद करणारे लोक नेमके तिला मुकतात. कांद्याचा रंग जुन्या गुळासारखा झाला आणि किलोचा ढीग दीड वाटीवर आला म्हणजे झाले. घाईसाठी साखर घालू नये; सोडा घातला तर रंग लवकर येतो पण कांद्याचा लगदा होतो; आणि बिर्याणीवर घालतात तो तळलेला कुरकुरीत कांदा येथे उपयोगाचा नाही.

एकीकडे तीन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून तीनशे ग्रॅम पास्ता उकळावा. दाताला किंचित लागेल इतपत ठेवावा. ते पाणी ओतून देऊ नये. भाताची पेज आपण टाकीत नाही, ही त्याचीच बहीण. कांद्यावर वाटीभर फेटलेली साय, मिरपूड आणि जायफळ किसून चिमूटभर घालावे. पुरणातले जायफळ इटलीतल्या दुधाच्या सॉसमध्येही असते, हे आमच्या आक्षेपकांनी ऐकून ठेवावे. आच अगदी मंद करून पास्ता व त्याचे वाटीभर पाणी घालून दोन मिनिटे हलवावे. त्या पाण्यातला स्टार्च सायीला फुटू देत नाही आणि सगळे एकजीव होते. म्हशीच्या दुधाची साय असेल तर डब्यातल्या क्रीमची आठवणही येत नाही. आम्ही चीज घालीत नाही. त्याचा खारटपणा कांद्याचा गोडवा झाकतो.

उधळपट्टीच्या आक्षेपाला फार उत्तर देण्याची गरज नाही. चौघांत एक किलो, म्हणजे माणशी पाव किलो कांदा. शेवभाजीच्या वाटणाला आणि कांदेनवमीच्या भज्यांना याहून फार कमी लागतो असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. २०१९ च्या डिसेंबरात शंभर रुपयांवर गेलेल्या कांद्याच्या आठवणी सर्वांना आहेत; पण २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकलेल्या शेतकऱ्याच्या हाती खर्च वजा जाता दोन रुपये पडले, ते कोणाला आठवत नाहीत. कांदा खाणे ही उधळपट्टी नव्हे.

राहिला तिसरा आक्षेप, वेळेचा. खरे भांडण येथे आहे. आमचे स्नेही एका श्वासात म्हणतात की पूर्वीची चव राहिली नाही, आता सगळे पाकिटातले. आणि दुसऱ्या श्वासात म्हणतात की तास-तास कांदा हलवीत कोण बसणार? पूर्वीची ती चव कोण हलवीत बसले होते, हा प्रश्न त्यांना पडत नाही. आम्हालाही पडला नव्हता. कचेरीतून आल्यावर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत ‘अजून किती वेळ?’ असे आम्ही विचारीत असू. आतमध्ये पाट्यावर, पुढे मिक्सरमध्ये, वाटण होई. कांदा किती वेळ भाजावा लागतो याची चौकशी आम्ही सेवेच्या सर्व वर्षांत एकदाही केली नाही. निवृत्तीनंतर पत्नीच्या गुडघ्यांनी उभे राहण्यास नकार दिला, तेव्हा प्रथम घड्याळ लावून पाहिले. हा पास्ता आम्हाला पहिल्यांदा नीट साधला त्या दिवशी आम्ही मोठ्या उत्साहाने त्याची शास्त्रीय मीमांसा जेवणाच्या टेबलावर मांडली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘चाळीस वर्षं मी हेच करत होते. तुम्हाला आज कळलं होय?’ या वाक्याला आमच्यापाशी आजही उत्तर नाही.

कडोदरा चार रस्त्याच्या आसपास रंगाई-छपाईच्या गिरण्या आहेत. बारा-बारा तासांच्या पाळ्या करून संध्याकाळी खोलीवर परतणारा कामगार, किंवा दोन घरची कामे उरकून तिसऱ्या घरी जाणारी बाई, यांनी पाकीट फोडून दोन मिनिटांच्या शेवया उकळल्या तर त्यांना चवीचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. आमची सूनही नोकरी करते. तिच्याकडून सव्वा तासाच्या कांद्याची अपेक्षा आम्ही धरीत नाही आणि कोणी धरली तर ऐकून घेणार नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे असे आमच्या वस्तीत आम्हीच, निवृत्तिवेतनधारक पुरुष. सकाळी फिरणे, दुपारी झोप, सायंकाळी संस्कृतीविषयी चिंता, यांतून सव्वा तास काढणे अशक्य नाही. सरकारी नोकरांवर मंदगतीचा आरोप जन्मभर झाला. जेथे मंदगतीच लागते असे हे एक काम, आणि नेमके त्याच कामाला आमचे सहकारी ‘बायकी’ म्हणून हात लावीत नाहीत!

गॅस जळतो, असेही एकांनी सुचविले. दोन किलो कांदा एकदम शिजवावा, निम्मा काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवावा. चार दिवस चांगला राहतो, पास्त्याला नको असेल तर आमटीत, पिठल्यात घालावा.

हा मजकूर हातावेगळा करीत असतानाच त्या लाल पेन्सिलवाल्या स्नेह्यांचा दूरध्वनी आला. पास्त्याविषयी त्यांचे मत बदललेले नाही, असे त्यांनी आरंभीच स्पष्ट केले. मग आवाज जरा खाली आणून विचारले की, तो कांदा कुकरला तीन शिट्ट्या देऊन होतो का. होत नाही, झाकण बंद असले की पाणी उडत नाही, असे त्यांस कळविले आहे.