भाडं स्टॉलचं की गर्दीचं?

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात मोबाइल उद्योगाची एक मोठी परिषद दरवर्षी भरते. २००६ पासून ती तिथेच भरतेय. मार्च २०२५ मध्ये चार दिवसांत तिथे लाखाहून अधिक लोक आले. ‘त्याचं आम्हाला काय?’ असं तुम्ही म्हणाल. पण मैत्रिणींनो, बचत गटाच्या पापड-लोणच्यासाठी प्रदर्शनात स्टॉल घेणाऱ्या प्रत्येकीने या धंद्याचं गणित समजून घ्यायला हवं.

आपल्या घरच्या कार्यात पाहुणे वाढले की खर्च वाढतो. इथे उलटं असतं. हॉल, मंडप, वीज, जाहिरात हा खर्च बराचसा ठरलेला. स्टॉलचं भाडं, प्रायोजकांचे पैसे आणि प्रवेश फी यांतून तो एकदा निघाला, की पुढचा प्रत्येक स्टॉल म्हणजे बहुतेक नफाच. शिवाय भाडं आगाऊ मिळतं. भाषण करणारे तर पुष्कळदा फुकट येतात, कारण त्यांना नाव हवं असतं. म्हणूनच ब्रिटनच्या ‘इन्फॉर्मा’ने २०१८ मध्ये ‘यूबीएम’ ही प्रदर्शनं भरवणारी कंपनी ४ अब्ज पौंडांच्या आसपास किंमत मोजून घेतली.

मग आयोजक विकतो काय? टेबल-खुर्ची नव्हे, तर गिऱ्हाईक! ‘सगळे खरेदीदार तिथेच येतात’ असं एकदा नाव झालं की भाडं वाढलं तरी व्यापारी जातातच. पण हा सगळा डोलारा विश्वासावर उभा असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये करोनाच्या भीतीने एरिक्सन, सोनी, अ‍ॅमेझॉन अशा कंपन्यांनी एकामागोमाग माघार घेतली आणि १२ तारखेला बार्सिलोनाची परिषदच रद्द झाली. २०२१ मध्ये ती भरली, तेव्हा जेमतेम २० हजार लोक आले.

आता आपल्याकडे या. मुंबईचं ‘महालक्ष्मी सरस’ सरकार भरवतं, बचत गटांना बाजार मिळावा म्हणून. पण गावोगावच्या हॉलमध्ये भरणारी खासगी प्रदर्शनं हा धंदाच आहे. धंदा करण्यात गैर काहीच नाही. फक्त आपणही धंद्यासारखाच हिशेब करावा. समजा, भाडं ३००० रुपये आणि पापडाच्या एका पाकिटामागे सुटतात १५ रुपये. म्हणजे २०० पाकिटं नुसत्या भाड्यापायी गेली! टेम्पो, जेवणखाण आणि उरलेला माल वेगळाच.

आमच्या भागातल्या गटांना मी नेहमी सांगते, आयोजकाला ‘किती लोक येतील?’ एवढंच विचारू नका. ‘विकत घेणारे किती? जाहिरात कुठे केलीत? शेजारी पापडाचेच आणखी किती स्टॉल?’ हेही विचारा. आयोजकाचा नफा भाडं भरलं त्याच दिवशी ठरतो, आपला शेवटच्या दिवशी कळतो. म्हणून पावती फाडण्याआधी गेल्या वर्षीच्या दोघी-तिघी स्टॉलवाल्यांना फोन करा. त्या यंदा पुन्हा जाणार असतील, तर बिनधास्त जा.