खेळ बदलला, पण सोडण्याचे कारण बदलले का?

सांगली–इस्लामपूर रस्त्यावरच्या आष्ट्यात बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले कॉट बेसिसवर खोल्या घेऊन राहतात. अशाच एखाद्या खोलीतला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली, तेव्हा त्याच मोबाइलवर ‘गेनशिन इम्पॅक्ट’ हा ऑनलाइन खेळही आला. एक पात्र घ्यायचे, त्याची ताकद वाढवत न्यायची, नवनवे प्रदेश धुंडाळायचे, असा हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ. पहिल्या वर्षाला दोन विषय राहिले आणि मुलाने तो मोबाइलमधून काढून टाकला. आता जुन्या दोस्तांच्या ग्रुपवर निरोप येतो : ‘मोठं अपडेट आलंय. अख्खा नवा प्रदेश आहे. ये की लेका परत.’ परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. बोट ‘डाउनलोड’वर थबकलेले आहे.

घरच्यांना विचारले तर उत्तर ठरलेले : ‘पुन्हा त्या नादाला लागू नकोस.’ दोस्तांना विचारले तर तेही ठरलेले : ‘आता खेळ पूर्वीसारखा नाही, खूप सुधारलाय.’ दोन्ही उत्तरांत एक गोष्ट सारखी आहे. दोघेही खेळाबद्दल बोलतात, मुलाबद्दल कोणी बोलत नाही. परतण्याचा निर्णय मात्र खेळात काय नवे आले यावर घेण्यासारखा नाही. तो का सोडला होता आणि ते कारण आज शिल्लक आहे का, यावर तो घ्यायला हवा.

प्रथम अपडेट म्हणजे काय, ते पाहू. पूर्वी खेळ विकत घेतला की तो संपायचा. आताचे ऑनलाइन खेळ संपू नयेत असेच रचलेले असतात. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘गेनशिन इम्पॅक्ट’ची नवी आवृत्ती साधारण दर सहा आठवड्यांनी येते. नवी पात्रे, नव्या कथा आणि मर्यादित मुदतीची बक्षिसे त्यात असतात. बरेच दिवस न फिरकलेल्या खेळाडूसाठी अनेक खेळांत परतीची खास बक्षिसेही ठेवलेली असतात. म्हणजे ‘ये की परत’ असे म्हणणारा दोस्त एकटा नसतो. कंपनीनेही तीच हाक आधी मारून ठेवलेली असते.

यात घड्याळाचा भाग मोठा आहे. या खेळात ‘रेझिन’ नावाची एक शिदोरी असते. ती खर्च केली की पात्र बलवान करण्याचे साहित्य मिळते. दर आठ मिनिटांना एक रेझिन भरते आणि कमाल मर्यादा गाठली की भरणे थांबते. पूर्वी ही मर्यादा १६० होती. म्हणजे रिकामी टाकी २१ तास २० मिनिटांत भरायची. दिवसाला एकदाच ठरावीक वेळी खेळणाऱ्याचे रोज काहीतरी वाया जायचे, म्हणून तो मधे पुन्हा डोकवायचा. जून २०२४ च्या आवृत्तीत ही मर्यादा २०० झाली. आता टाकी भरायला २६ तास ४० मिनिटे लागतात. रोज संध्याकाळी एकदा खेळणाऱ्याचे काही बुडत नाही. अपडेटची जाहिरात नव्या प्रदेशाच्या चित्रांनी होते, पण खेळाडूच्या आरोग्याच्या दृष्टीने हा छोटा आकडा त्या चित्रांहून महत्त्वाचा आहे. दाव्याला बांधलेल्या जनावराला नवा गोठा मिळण्यापेक्षा दावे हातभर लांब होणे जास्त मोलाचे.

एक दावे मात्र तसेच आहे. आशिया सर्व्हरवर या खेळाचा दिवस आपल्याकडच्या रात्री दीड वाजता बदलतो. रोजची कामे त्याआधी उरकली नाहीत, तर त्या दिवसाचे बक्षीस गेले. आष्ट्यातला विद्यार्थी अकरा वाजता पुस्तक मिटून ‘फक्त रोजची कामे’ करायला बसला, तर खेळाचे घड्याळ त्याला सांगते की अजून अडीच तास आहेत. सकाळच्या तासाला डोळे का मिटतात, याचे उत्तर या दीड वाजण्यात सापडते. पडद्याचा उजेड आणि खेळाची उत्तेजना दोन्ही झोप पुढे ढकलतात. आणि झोप अपुरी झाली की दिवसभर वाचलेले स्मरणात नीट बसत नाही.

मग इतके कळूनही बोट डाउनलोडवर का जाते? मेंदूत ‘हवेसे वाटणे’ आणि ‘आवडणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मिशिगन विद्यापीठाचे मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांच्या संशोधनातून पुढे आले. डोपामाइन हे रसायन मुख्यतः पहिल्या गोष्टीशी जोडलेले आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले, की ठरलेल्या खुणेनंतर फळाचा रस मिळतो हे माकडाला कळले, की डोपामाइनच्या पेशी रस मिळताना नव्हे, तर खूण दिसतानाच उसळतात. अपडेटची बातमी ही अशीच खूण आहे. जाहिरात पाहताना मन जितके उचंबळते, तितका आनंद खेळताना मिळेलच याची हमी त्या उचंबळण्यात नसते. नव्याचे नऊ दिवस ही म्हण इथे शब्दशः खरी ठरू शकते.

त्यात नशिबाचा भाग मिसळला की ओढ आणखी घट्ट होते. या खेळात दुर्मीळ पात्र एका ‘सोडती’त निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा, असे कंपनीच जाहीर करते. ९० सोडतींत एक पाच ताऱ्यांची वस्तू नक्की मिळते, अशीही सोय आहे. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसले की प्राणी कळ दाबायचे थांबवत नाहीत, हे बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकातच दाखवून दिले होते. अशा यादृच्छिक बक्षिसांच्या पेट्यांवर बेल्जियमने २०१८ मध्ये बंधन आणले. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याचा रोख पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. पात्रासाठी सोडती विकत घेणे हा त्याच्या मुख्य चिंतेचा विषय नाही. म्हणून खिशाची राखण इथे खेळाडूलाच करावी लागते.

तिसरी ओढ असते आधी घातलेल्या वेळेची. ‘चार वर्षे खपून इतकी पात्रे जमवली, ती अशीच सोडायची?’ द्राक्षबागायतदाराला हा सापळा ओळखीचा आहे. बागेवर आतापर्यंत एवढ्या फवारण्या झाल्या, म्हणून आणखी एक, असे म्हणत तो बुडीत हंगामातही पैसे ओततो. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी १९८५ मध्ये नाटकांच्या हंगामी तिकिटांचा प्रयोग केला. ज्यांना पूर्ण किमतीने तिकीट मिळाले होते, ते हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात सवलतीच्या तिकीटवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना गेले. नाटके सर्वांना तीच होती. गेलेला वेळ दोन्ही पर्यायांत गेलेलाच आहे. परतल्याने तो वसूल होत नाही, त्यात नव्या वेळेची भर पडते.

एवढे वाचून ‘म्हणजे खेळ वाईटच’ असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. नॉर्वेचा मॅट्स स्टीन स्नायू क्षीण करणाऱ्या दुशेन आजाराने ग्रासलेला होता. २०१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा मुलाचे आयुष्य एकाकी गेले असे आईवडिलांना वाटत होते. त्याच्या ब्लॉगवर मृत्यूची बातमी दिल्यावर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळातल्या सोबत्यांची पत्रे येऊ लागली. त्यांतले काही जण अंत्यसंस्काराला परदेशांतून आले. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाने त्या जगात माणसे जोडली होती, अनेकांना आधार दिला होता. त्याला ‘तो नाद सोड’ असे सांगणे हा उपचार ठरला नसता.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सात खेळांच्या जवळपास ३९ हजार खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडूंच्या आठवणीवर न विसंबता प्रत्यक्ष खेळण्याच्या वेळेची नोंद त्यांनी कंपन्यांकडून मिळवली. खेळण्याचे तास वाढल्या-घटल्याने मनःस्वास्थ्यावर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. फरक दिसला तो प्रेरणेत. आवडते म्हणून खेळणाऱ्यांना बरे वाटत होते, खेळावेच लागते म्हणून खेळणाऱ्यांना नव्हते. पालक तास मोजतात, ते चूक नाही, कारण अभ्यास आणि झोप तासांतूनच कापली जाते. पण तासांइतकाच ‘आवडते की लागते’ हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

त्या खोलीतल्या मुलाने म्हणूनच डाउनलोड करण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. खेळ का सोडला होता? ‘कंटाळा आला’ असे उत्तर असेल तर नवा प्रदेश हे खरोखर परतण्याचे कारण आहे. ‘रात्री उठवत नव्हते, विषय राहिले’ असे असेल तर नव्या प्रदेशाने त्यातले काहीच बदललेले नाही. दुसरे, हा वेळ कशातून येणार? रिकाम्या संध्याकाळीतून, की झोपेतून? तिसरे, ओढ कोणाची आहे? या खेळात एका वेळी चौघांना एकत्र खेळता येते. दोस्तांची आठवण येत असेल तर त्यांच्यासोबत चहाला बसून किंवा फोन करूनही ती भागते का, ते आधी पाहावे. जुन्या दिवसांची ओढ इतकी प्रबळ असते, की ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या कंपनीने २०१९ मध्ये जुना खेळ जुन्या रूपात पुन्हा बाजारात आणला. खेळ जुना मिळाला, तरी टाळेबंदीतली रिकामी दुपार काही परत मिळत नाही.

उत्तरे पाहून परतायचे ठरले, तर अटी आधीच ठरवाव्यात. ‘कमी खेळेन’ हा निश्चय टिकत नाही. ‘जेवण झाले की पाऊण तास, साडेदहाला मोबाइल टेबलावर’ असे वेळ आणि जागा बांधून केलेले ठरवणे जास्त टिकते, हे मानसशास्त्रातले पडताळलेले निरीक्षण आहे. सोडतीला पैसे नाहीत. महिन्याने फेरविचाराची तारीख. आणि सलग दोनदा दीड वाजला, तर खेळ मोबाइलमधून बाहेर.

अशा अटी एकट्याने पाळणे अवघड जाते. सांगली जिल्ह्यातल्याच कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला. सात ते साडेआठ टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यास करायचा आणि घराने एकमेकांशी बोलायचे. या उपक्रमाचे मर्म बंदीत कमी आणि सगळ्यांनी एकदम थांबण्यात जास्त आहे. शेजाऱ्याचा पडदा बंद असला की आपला बंद ठेवणे सोपे जाते. खोलीतल्या तिघा-चौघांनी साडेदहाचा भोंगा आपापसांत ठरवला, तर तोही चालेल. आईवडिलांनीही हेच करावे. रागावून मोबाइल हिसकावण्यापेक्षा, पोराने लिहिलेला कागद एकदा त्याच्यासोबत बसून वाचावा.

काहींच्या बाबतीत मात्र अटी लिहून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्याहून खेळाला महत्त्व मिळत जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच राहणे, ही त्याची लक्षणे. त्यांनी घर, शिक्षण किंवा कामावर गंभीर परिणाम व्हावा लागतो आणि साधारणपणे ती वर्षभर दिसावी लागतात. बहुतेक खेळाडू यात बसत नाहीत. पण ज्याला पूर्वी हा अनुभव आला आहे, त्याने अपडेट पाहून परतीचा प्रयोग एकट्याने करू नये. बेंगळुरूच्या ‘निमहान्स’मध्ये यासाठी २०१४ पासून ‘शट’ हे स्वतंत्र क्लिनिक आहे. आष्ट्यातून तेवढ्या लांब जाण्याआधी केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते.

राहिला प्रश्न त्या रात्रीचा. परीक्षा तीन आठवड्यांवर आहे आणि नवी आवृत्ती सहा आठवडे चालणार आहे. शेवटचा पेपर देऊन आल्यावरही नवा प्रदेश जागेवरच असेल, मुदतीची एक-दोन बक्षिसे तेवढी हुकतील. निर्णय आजच घ्यायला हवा, ही घाई अपडेटची आहे, मुलाची नाही. बोट मागे घेऊन त्याने दोस्तांना एवढेच कळवावे : ‘पेपर झाल्यावर बघू.’