घरची योगासने आणि मोबाईलमधला मास्तर



२१ जून २०२३ रोजी आपल्या सुरत शहरात १,४७,९५२ लोकांनी एकत्र योगाचा पाठ घेतला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. विक्रम होतात आणि मोडतात. हाही विक्रम २०२५ साली विशाखापट्टणमने मोडला. पण विक्रमाच्या दिवशी निदान समोर शिकवणारा असतो. बावीस जूनला माणूस आपल्या ओसरीवर सतरंजी अंथरतो, मोबाईल भिंतीला टेकवतो आणि त्यातल्या मास्तरासमोर एकटाच उभा राहतो. या एकट्या माणसाने कोणता मास्तर निवडावा, याविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

आपले शेतकरी बांधव विचारतात, ‘फादर, दिवसभर रानात राबणाऱ्याला योगासने कशाला?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही रानातच आहे. कष्ट आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाताची लावणी घ्या, निंदणी घ्या, भेंडीची तोडणी घ्या, नाहीतर नंदुरबार, धुळे आणि डांगातून बारडोलीच्या बाजूला येणाऱ्या कोयत्यांची ऊसतोड घ्या. कंबर एकाच दिशेने वाकते, ती म्हणजे पुढे. दिवसातून शेकडो वेळा पुढे, आणि मागे एकदाही नाही. विळ्याचे पाते एकाच जागी घासत राहिले तर तिथेच झिजते. आपल्या कमरेचे तसेच होते.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की व्हिडिओ आपल्या कामाकडे पाहून निवडावा. मोबाईलवरचे पुष्कळसे व्हिडिओ दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या शहरी माणसासाठी केलेले असतात. त्यांत घाम काढण्यावर आणि वजन उतरवण्यावर भर असतो. ऊस तोडून आलेल्या माणसाचा आणखी घाम काढून काय साधणार? त्याला हवे आहे ताठ उभे राहणे, छाती मोकळी करणे, हळूच मागे वळणे आणि विसावणे. ताडासन, भुजंगासन, सेतुबंधासन, मकरासन आणि शेवटी शवासन एवढे शांतपणे शिकवणारा पंधरा-वीस मिनिटांचा व्हिडिओ त्याला पुरेसा आहे. पायांच्या अंगठ्याला हात लावून पुन्हा पुढेच वाकायला लावणारे व्हिडिओ त्याने बाजूला ठेवावेत.

घरी बसून योग शिकण्याची कल्पना आजची नाही, आणि तिची मुळे आपल्या गुजरातेत आहेत. सुरतजवळच्या देगाम गावचे मणिभाई देसाई, म्हणजेच श्री योगेंद्र, यांनी १९१८ साली मुंबईला वर्सोव्यात योग संस्था काढली. ती आज सांताक्रूझला आहे. डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रिया क्ष-किरण यंत्रापुढे तपासून पाहिल्या. दोघेही नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदासजींचे शिष्य होते. गृहस्थाला झेपेल असा योग त्याच्या घरी पोहोचावा म्हणून दोघांनी पुस्तके लिहिली, परंतु शिष्याला समोर बसवून शिकवणे काही सोडले नाही. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ सालच्या पुस्तकात आसनांची शेकडो छायाचित्रे आहेत. तरीही त्यांच्या वर्गात खुर्ची, दोर आणि लाकडी ठोकळे घेऊन प्रत्येकाच्या शरीराप्रमाणे आसन बदलून दिले जाई. कारण पुस्तक वाचकाला पाहत नाही.

व्हिडिओचेही तेच आहे. आपण त्याला पाहतो, तो आपल्याला पाहत नाही. आपला गुडघा सुजला आहे, आपल्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे, सुनेला चौथा महिना आहे, यातले त्याला काहीच ठाऊक नसते. हे एवढे ध्यानात ठेवले तर निवड सोपी होते. पुढील पाच गोष्टी पारखून घ्याव्यात.

१. मनाई सांगणारा मास्तर निवडा. हे आसन कोणी करू नये, हे जो आधी सांगतो तो जाणता. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा मानेचे दुखणे असलेल्यांनी शीर्षासन व सर्वांगासन करू नये. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कपालभाती व भस्त्रिका टाळावी. पोटाचे ऑपरेशन झालेल्यांनी दोन-तीन महिने भुजंगासन करू नये. हे न सांगता सरळ आसनाला हात घालणारा व्हिडिओ तिथेच बंद करावा.

२. कानाने शिकवणारा निवडा. पोटावर झोपून मान वळवून मोबाईलकडे पाहत आसन केले तर मान आखडते. म्हणून व्हिडिओ प्रथम बसून पूर्ण पाहावा, आणि मग केवळ ऐकत आसने करावीत. त्यासाठी तो मराठीत, गुजरातीत किंवा आपल्याला नीट समजेल अशा भाषेत असावा, आणि श्वास केव्हा घ्यायचा व केव्हा सोडायचा हे स्पष्ट सांगणारा असावा.

३. सोपा पर्याय देणारा निवडा. ज्याला मांडी घालता येत नाही त्याला खुर्ची, ज्याचा तोल जातो त्याला भिंत आणि ज्याचे गुडघे टोचतात त्याला गोधडीची घडी सुचवणारा मास्तर आपल्या उपयोगाचा. शरीराच्या कसरती करून दाखवणारा पाहायला छान वाटतो, पण तो आपल्याला काही शिकवीत नाही.

४. लाखो लोकांनी पाहिला म्हणून व्हिडिओ चांगला ठरत नाही. शिकवणारा कोण, तो कोठे शिकला, हे पाहावे. आयुष मंत्रालयाने योगदिनासाठी तयार केलेला सुमारे पाऊण तासाचा सामान्य अभ्यासक्रम मोबाईलवर फुकट मिळतो. त्याच्या पुस्तिकेत आसनांबरोबर सावधगिरीच्या सूचनाही दिल्या आहेत. अनेक वर्षे सुरतेचे खासदार असलेल्या मोरारजी देसाईंच्या नावाची दिल्लीची राष्ट्रीय योग संस्थाही हा अभ्यासक्रम शिकवते. नवख्याने सुरुवात येथून करावी.

५. रोग समूळ बरा करण्याचे वचन देणाऱ्यापासून दूर राहा. मधुमेह, रक्तदाब असे विकार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. मग व्हिडिओत असे सांगून खाली चूर्णाची बाटली विकणाऱ्यावर आपण का विश्वास ठेवावा? योगाने अंग मोकळे होते, झोप लागते, पाठदुखीला पुष्कळदा उतार पडतो. हे लाभ थोडे नाहीत. पण कोणाचेही ऐकून डॉक्टरांना न विचारता इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. कमरेची कळ पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील तर आसन थांबवून दवाखाना गाठावा.

शेतकऱ्यासाठी आणखी दोन शब्द. फवारणी करून आल्यावर अंग धुऊन कपडे बदलल्याशिवाय सतरंजीवर बसू नये, आणि ज्या बांधावर औषधाचा वास आहे किंवा पाचट जळते आहे तेथे प्राणायाम मुळीच करू नये. दीर्घ श्वास घ्यायचा तो स्वच्छ हवेचा. आसने रिकाम्या पोटी करावीत, जेवणानंतर निदान तीन तासांनी.

आता श्रद्धेचा प्रश्न. काही व्हिडिओ ओंकाराने किंवा श्लोकाने सुरू होतात, आणि त्यामुळे काहींच्या मनात शंका येते. दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या प्रार्थनेचा अनादर करण्याचे आपल्याला कारण नाही, आणि ती आपली म्हणून म्हणण्याचेही बंधन नाही. रोमच्या श्रद्धासिद्धांत विभागाने १५ ऑक्टोबर १९८९ रोजी महागुरुस्वामींना पाठवलेले ध्यानप्रार्थनेविषयीचे पत्र या बाबतीत समतोल आहे. अशा पद्धती केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून झिडकारू नयेत, त्यांतले उपयुक्त ते घ्यावे, परंतु शरीराला आलेल्या स्वस्थतेलाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, असा त्याचा आशय आहे. मुंबईचे फादर जो परेरा अय्यंगारांकडे योग शिकले आणि १९८१ साली स्थापन केलेल्या कृपा फाउंडेशनमधून त्यांनी तो व्यसनमुक्तीच्या कार्यात वापरला. आपण आसनाच्या आरंभी क्रुसाची खूण करावी, शवासनात शांतपणे प्रभूचे स्मरण करावे, आणि प्रार्थनेची वेळ प्रार्थनेलाच ठेवावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या घरांत मोबाईल बहुधा मुलाच्या हातात असतो आणि कंबर मात्र आईची दुखते. पहाटे चूल, दिवसा निंदणी, संध्याकाळी भांडी, म्हणजे घरात सर्वांत जास्त वाकते ती, आणि वीस मिनिटे मागायला सर्वांत जास्त लाजतेही तीच. संत पौल शरीराला मंदिराची उपमा देतो. ती उपमा आईच्या शरीरालाही लागू आहे. मुलांनो, तुमच्या आईसाठी योग्य व्हिडिओ तुम्ही शोधून द्या आणि ती वीस मिनिटे घरकाम तुम्ही सांभाळा. तिच्या तब्येतीची माहिती तुम्हाला आहे, मोबाईलला नाही.

आणि शक्य असेल तर सुरुवात मोबाईलने करूच नये. पाच-दहा घरांनी मिळून एखादा शिकलेला शिक्षक महिनाभर बोलवावा, त्याच्यासमोर आसने करून चुका सुधारून घ्याव्यात, आणि मग घरी व्हिडिओ लावावा. धर्मग्रामाचे सभागृह सकाळी रिकामेच असते. ज्यांना इच्छा आहे त्यांनी मिस्सानंतर नावे द्यावीत, आणि त्यांत स्त्रियांची नावे आधी यावीत अशी आमची विनंती आहे.