अभिमानापायी गमावलेले शतक

न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली प्रसिद्ध झाला आणि ग्रहांच्या भ्रमणापासून समुद्राच्या भरती-ओहोटीपर्यंतच्या गती एकाच नियमसूत्रात गोवल्या गेल्या. परंतु त्या ग्रंथातील सिद्धता मुख्यतः भूमितीच्या आकृत्यांवर आधारलेल्या होत्या. प्रश्न बदलला की नवी आकृती आणि नवी युक्ती शोधावी लागे. नियम हाती आले होते; ते सर्वत्र लावण्याची सुलभ रीत अद्याप घडायची होती.

ती रीत न्यूटनच्या मायदेशात घडली नाही. कलनशास्त्राचा आद्य शोधक कोण, यावरून न्यूटन आणि जर्मनीचा लायब्निझ यांच्या अनुयायांत कडवट वाद पेटला. इंग्लंडने तो राष्ट्रीय प्रतिष्ठेचा प्रश्न केला. न्यूटनची अक्षरांवर टिंबे देण्याची पद्धत तेथे निष्ठेने जपली गेली. लायब्निझची अधिक सोयीची चिन्हे परकी म्हणून दूर राहिली.

युरोप खंडात मात्र काम थांबले नाही. ऑयलरने १७३६ साली ‘मेकॅनिका’ या ग्रंथात गतीचे शास्त्र कलनशास्त्राच्या भाषेत मांडले. लाग्रांजने १७८८ च्या आपल्या ग्रंथात एकही आकृती दिली नाही आणि प्रस्तावनेत तसे स्पष्ट सांगितले. त्याच्या रीतीचे सामर्थ्य साध्या लंबकातही दिसते. दोरीचा ताण वेगळा काढावा लागत नाही. दोरीने उभ्या रेषेशी केलेला कोन घ्यायचा, आजच्या परिभाषेतील गतिज आणि स्थितिज ऊर्जा त्यावरून लिहायच्या. त्यांच्या वजाबाकीपासून ठरावीक पायऱ्यांनी गतीचे समीकरण मिळते. यात न्यूटनचे नियम बाद झाले नाहीत. त्यांचा आवाका वाढला.

इंग्लंडात त्या काळी गणिती नव्हतेच, असे नाही. परंतु केंब्रिजला खरी जाग आली ती १८१२ साली, बॅबेज, हर्शेल आणि पीकॉक या तरुणांनी ‘अॅनालिटिकल सोसायटी’ स्थापन केली तेव्हा. १८१६ मध्ये त्यांनी लाक्रवा या फ्रेंच गणितज्ञाचे पाठ्यपुस्तक इंग्रजीत आणले. पुढे १८३४-३५ मध्ये डब्लिनच्या हॅमिल्टनने लाग्रांजचे सूत्र पुढे नेले. विसाव्या शतकात पुंजयामिकीची उभारणी करताना त्याचीच मांडणी उपयोगी पडली.

बॅबेज आणि त्याचे सहकारी न्यूटनद्रोही नव्हते. न्यूटनचे अपुरे कार्य पुढे नेण्यासाठी त्यांनी परक्यांची चिन्हे स्वीकारली, इतकेच. पूर्वसुरींच्या ग्रंथांचा गौरव करणे सोपे असते; त्यांच्यापुढे एक पाऊल टाकणे कठीण. पूर्वजांचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक समाजाने इंग्लंडचे हे गमावलेले शतक ध्यानी ठेवावे.